उजव्या कडेची दोन झाडं

“माझी दोन झाडं गेली आहेत,” समोरच्या खुर्चीतली बाई म्हणाली.

भाऊजींनी पेन सरसावलं. “किती उंच होती?”

“नखाएवढी.”

पेन जागच्या जागी थबकलं. भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मात्र शांतपणे खुर्ची पुढे ओढली.

खासगी तपासाचा व्यवसाय वहिनींचा. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींना ‘मदत’ करत. डोकं वहिनींचं आणि छत्री भाऊजींची, अशी कामाची सरळ वाटणी होती. त्यावरून दोघांत कधी भांडण झालं नव्हतं.

आलेली बाई जनावरांची डॉक्टर होती. तिनं पिशवीतून एक जुना, करड्या रंगाचा, हातात धरायचा व्हिडिओ गेम काढला. जाडीला तो थेट विटेशी स्पर्धा करत होता.

“हा माझ्या आईचा. बागेचा खेळ आहे. आख्खी बाग एका पडद्यात मावते. एक छोटा माळी असतो. त्याच्याकडून वाफे करायचे, रोपं लावायची, झारीनं पाणी घालायचं. चार ऋतू झाले की वर सूर्याच्या चित्रापुढचा आकडा एकानं वाढतो, म्हणजे बागेला एक वर्ष झालं. मी घर सोडलं तेव्हाच तो तिसाच्या पुढे होता. आणि बागेच्या अगदी उजव्या कडेला आईनं दोन झाडं लावली होती. एक दादाचं, एक माझं.”

“आणि आता ती नाहीत.”

“आई गेल्या वर्षी गेली. मी घर सोडल्यावर पडद्याची उजवीकडची पट्टी बिघडली, नुसती पांढरी दिसायची. आईनं ती कधी दुरुस्त करून घेतली नाही. गेल्या आठवड्यात मी बाबांकडून गेम मागून घेतला. ते द्यायलाच तयार नव्हते. तरी घेतला आणि दुरुस्तीला टाकला. म्हटलं, आपली झाडं बघू. पडदा लख्ख झाला. बाकीची बाग मला आठवते तशीच आहे. फक्त उजव्या कडेला मोकळी जमीन.”

“तुमचा संशय कोणावर?”

“आधी दुरुस्तीवाल्यावर होता. मग दादावर. आई गेल्यानंतर तो महिनाभर घरी होता ना. फोन करून त्याला नको ते बोलले. त्यानं फोन आपटला, तेव्हापासून बोलणं बंद. आणि खरं सांगू का? तिसरा संशय आईवर आहे.”

भाऊजी चपापले.

“तिच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघंही वेळेवर पोचलो नाही. तिनंच रागानं उपटली असतील तर? मला झाडं परत नकोत, बाई. एवढंच शोधून द्या, आईनं उपटली की नाही.”

*

दुरुस्तीवाल्याचं दुकान एका बोळात होतं. भिंतभर छोटे खण, कशात बटणं, कशात स्क्रू, कशात पडद्यांच्या काचा. टेबलावर भिंगाचा दिवा आणि जळक्या सोल्डरचा वास. माणूस तापट होता, पण हात मांजराच्या पावलाइतके हलके होते.

“मी का कोणाची झाडं उपटीन?” तो म्हणाला. “मी फक्त पडदा दुरुस्त केला. पडदा आणि आतलं सर्किट जोडणारी पातळ पट्टी असते. तिचा सांधा सुटत जातो. आधी एक रेघ जाते, मग शेजारची. एवढा रुंद पट्टा जायला काही वर्षं लागली असणार. सोल्डरिंगचं गरम टोक त्यावरून हलकेच फिरवलं की सांधा पुन्हा धरतो.”

“आत सेल कसे होते?” वहिनींनी विचारलं.

“नवेकोरे. तेवढं बरं होतं. नाहीतर लोक वर्षभर सेल आतच ठेवतात, ते पाझरतात आणि सगळं खाऊन टाकतात.”

इकडे भाऊजींनी गेम सुरू करून पाहिला होता. “सूर्यापुढे दोनचा आकडा आहे,” ते उगाचच म्हणाले. मग त्यांनी माळ्याला चालवलं आणि दोन पावलांत एका कुंपणात अडकवलं.

“खेळाची कॅसेट उघडली होतीत?” वहिनींनी विचारलं.

“पडद्यासाठी कॅसेट कशाला उघडू?”

“मग आता उघडा.”

त्यानं वेगळ्याच तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, कॅसेटचं झाकण उचललं आणि भिंग खाली ओढलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आत बटणाएवढा एक चकचकीत नवा सेल होता आणि तो कापडी चिकटपट्टीनं बसवलेला होता. पट्टी नेटकी होती. तिचे चारही कोपरे गोल कापलेले होते.

“हे माझं काम नाही,” तो म्हणाला. “सेल चिकटपट्टीनं बसवायचे असते तर मी दुकान कशाला टाकलं असतं? याच सेलवर बाग टिकून असते. तो बदलायची एक रीत आहे. जुना काढताना दुसरीकडून वीज चालू ठेवावी लागते. ज्याला ते ठाऊक नाही त्यानं हात लावू नये.”

“पण काम नीट आहे,” वहिनी म्हणाल्या.

“नीट आहे हो. हात कसलेला आहे, पण आमच्या धंद्यातला नव्हे,” त्यानं नाइलाजानं कबूल केलं.

बाहेर पडल्यावर भाऊजी म्हणाले, “माणूस खोटं बोलतोय, वहिनी. त्यानंच सेल बदलला आणि आता कानावर हात ठेवतोय.”

“असं म्हणता?” वहिनी म्हणाल्या. भाऊजींचा तर्क चुकला की त्या नेहमी एवढंच म्हणत. भाऊजींना मात्र ती शाबासकी वाटे.

*

दादा मालवाहू बोटीवर इंजिनियर होता. फोनवर मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

“मी घर सोडलं तेव्हा पडदा ठणठणीत होता,” तो म्हणाला. “पट्टी बिघडली हे मला परवाच्या भांडणात कळलं. आणि त्यातलं एक झाड माझं होतं हो. माझंच झाड मी कशाला उपटू?”

“आई गेल्यावर तुम्ही घरी होता, तेव्हा गेम पाहिला?”

“नाही. हिंमत झाली नाही. बाबांना एवढंच म्हटलं, की कॅसेटमध्ये बटणासारखा एक सेल असतो, तो संपला की बाग गेली. बाबा म्हणाले, बघू. आमच्या बाबांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’.” त्याचा आवाज उतरला. “ती बरी आहे ना? नाही, मी फोन नाही करणार. पण बरी आहे ना?”

*

बाबांची खोली लहान आणि टापटीप होती. खिडकीशी एक खुर्ची, खुर्चीच्या पाठीमागे उंच टेबल, त्यावर सुया, दोरा, पुठ्ठे आणि पाठ सुटलेली दोन पुस्तकं. बाबा बुकबाइंडर होते.

“मुलं बाहेर पडली, मग काही वर्षांनी मी कारखाना सोडला आणि टेबल घरी आणलं,” ते म्हणाले. “तेव्हापासून इथंच बसतो.”

डॉक्टर दाराशी उभी राहिली. वहिनी खिडकीशी असलेल्या खुर्चीत बसल्या. शेजारच्या फळीवर औषधांचा डबा होता. त्याच्या झाकणाची मोडलेली बिजागरी कापडी पट्टीनं सांधलेली होती, कोपरे गोल कापून.

“छान सांधलंय,” वहिनी म्हणाल्या. “कोपरे गोल का करता?”

“चौकोनी कोपरा उचकटतो. गोल कोपरा वर्षानुवर्षं धरून बसतो.”

“तुमच्या पत्नी खेळायच्या ती बाग तुम्हाला आठवते?”

“त्या खेळण्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही,” बाबा तुटकपणे म्हणाले. “या वयात काय हा पोरकटपणा, असंच म्हणायचो तिला.”

भाऊजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पुन्हा गेमशी झटत होते. माळी पुन्हा त्याच कुंपणात अडकला होता आणि भाऊजी आता हट्टाला पेटले होते. “हा काही बाहेर निघत नाही,” ते पुटपुटले.

“विहिरीच्या डावीकडून घ्या. तिथं फट आहे,” बाबा आपल्या जागेवरून म्हणाले.

“आभारी आहे,” भाऊजी म्हणाले आणि माळ्याला सुखरूप बाहेर काढून स्वतःवरच खूश झाले.

वहिनींनी गेम त्यांच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज फार मऊ झाला.

“डॉक्टर, बसा. तुमच्या आईनं झाडं उपटली नाहीत. कोणीच उपटली नाहीत. या बागेत ती कधी लावलीच नव्हती.”

“म्हणजे?”

“ही तुमच्या आईची बाग नाही. तिच्यासारखी लावलेली दुसरी आहे. सूर्यापुढचा आकडा पाहिलात? दोन. तुम्ही घर सोडलं तेव्हाच तो तिसाच्या वर होता. तुमची नजर झाडांवर होती, म्हणून आकडा तुमच्या लक्षात आला नाही. भाऊजींनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, तरी त्यांच्याही लक्षात आला नाही.”

भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“जुनी बाग पुसली गेली. कोणीतरी कॅसेटमधला सेल बदलला आणि बदलताना वीज चालू ठेवायची असते हे त्याला माहीत नव्हतं. मग त्यानं पहिल्यापासून सगळी बाग पुन्हा लावली. आई जाऊन वर्ष झालं तरी गेम चालवायचे सेलही नवे होते, कारण रोज कोणीतरी खेळत होतं. आता प्रश्न एवढाच, की कोण? तुम्ही किंवा दादांनी लावली असती, तर सगळ्यात आधी आपापलं झाड लावलं असतं. दुरुस्तीवाल्यानं जुनी बाग कधी पाहिलीच नव्हती. ही बाग लावणाऱ्याला वाफा न् वाफा पाठ होता, फक्त उजवी कड तेवढी माहीत नव्हती. असं कोणाचं होईल? ज्यानं ती बाग वर्षानुवर्षं पाहिली, पण बिघडलेल्या पडद्यावरच पाहिली, त्याचं.”

“पण वहिनी,” भाऊजींना राहवेना, “यांनी तर ढुंकूनही पाहिलं नाही.”

“भाऊजी, तुम्हाला कुंपणातून बाहेर कोणी काढलं?”

भाऊजींनी पडद्यावरच्या विहिरीकडे पाहिलं.

वहिनींनी मागे वळून उंच टेबलाकडे पाहिलं. “तुमच्या पत्नी या खुर्चीत बसून खेळत असणार, आणि त्यांच्या हातातलं तिथून स्वच्छ दिसत असणार. आणि कॅसेटमधल्या पट्टीचे कोपरेसुद्धा गोल आहेत, काका.”

बाबांनी टेबलावरची सुई उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

“करायला गेलो एक न् झालं भलतंच,” ते शेवटी म्हणाले. “तुझा दादा म्हणाला, सेल संपला की बाग जाईल. झोप लागेना मला. म्हटलं, तिचं एवढं तरी राहू दे. जुन्या प्लॅस्टिकच्या पेनाचं टोक वितळवून त्या वेगळ्या तोंडाच्या स्क्रूवर दाबलं, त्यानंच तो फिरवला. नवा सेल बसवला, सुरू केलं, तर नुसती माती.”

“बाबा, सांगायचं ना मला.”

“काय सांगू? जन्मभर तिला चिडवलं आणि वर तिची बागही घालवली, असं?” त्यांनी गेम जवळ ओढला. “मग बसलो लावत. कुठं काय होतं ते डोळ्यांपुढे होतं. मला वाटलं, सगळं बरोबर जमलं. तू दुरुस्तीला नेलंस तेव्हा धाकधूक होती. पण जमलंय असंच वाटत होतं. कोणती झाडं म्हणतेस गं तू?”

डॉक्टरनं पडद्याच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. “इथं. वरचं दादाचं, खालचं माझं.”

बाबा त्या मोकळ्या जमिनीकडे बघत राहिले.

“तिथं होती होय ती,” ते म्हणाले. “रोज खेळ बंद करायच्या आधी ती त्या माळ्याला पांढऱ्या पट्ट्यात न्यायची. झारी भरून आत न्यायची आणि रिकामी बाहेर आणायची. आत काय चाललंय, दिसायचं नाही. मी म्हणायचो, बाईसाहेब, पाणी भिंतीवर ओतताय. दे, दुरुस्त करून आणतो. तर म्हणायची, राहू द्या, मला माहीत आहे तिथं काय आहे ते.”

“रोज?” डॉक्टरनं विचारलं. “शेवटी शेवटीसुद्धा?”

“दवाखान्यात नेलं त्या दिवशी गाडी दारात उभी होती. मी म्हटलं, अगं चल. म्हणाली, थांबा, पाणी तेवढं घालते.”

डॉक्टर बाबांच्या पायाशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. बाबांना काय करावं सुचेना. ते तिच्या केसांवरून हात फिरवत “चुकलो गं, चुकलो” एवढंच म्हणत राहिले. तीही तेच म्हणत होती.

वहिनी उठल्या आणि त्यांनी भाऊजींच्या कोपराला हळूच धरलं. भाऊजींचा पाय निघत नव्हता. ते चपला घालायला जरुरीपेक्षा जास्त वेळ लावत होते, म्हणून पुढचं त्यांच्या कानांवर पडलं.

डॉक्टरनं फोन लावला होता. पलीकडे यंत्रांची घरघर होती.

“दादा, ठेवू नकोस,” ती म्हणाली. “मी चुकले. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी बाबांचं ऐक, तुझ्या झाडाबद्दल आहे.”

तिनं फोन बाबांच्या कानाला लावला. बाबांनी घसा साफ केला आणि झारीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.