बसलेय

लातूरकडे आता छातीत 'बोलका पंप' असणं नवलाचं राहिलं नव्हतं. थकलेल्या हृदयाला श्रमाची वर्दी उशिरा लागते आणि तोवर दम लागलेला असतो. म्हणून हा पंप आधीच कानात विचारायचा, "काय चाललंय?" माणूस सांगेल तसं रक्त कमी-जास्त सोडायचा. जिना चढतोय म्हटलं, की पायांना रक्त हजर.

महानंदाबाई स्वामी आणि त्यांचे यजमान शिवलिंगप्पा, दोघांच्याही छातीत हाच पंप. यजमान टवटवीत. बाई मात्र पुन्हा चक्कर येऊन पडल्या. पंपात काडीचा दोष सापडेना, म्हणून डॉ. तेजश्री बिराजदार चक्रावून गेल्या होत्या.

"पडलात तेव्हा पंपाला काय सांगितलं होतं, काकू?"

"बसलेय म्हणून."

"आणि करत काय होता?"

"बसलेच होते की. ज्वारी पाखडत होते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ते काम झालं. तुम्ही बसलेय म्हणालात, त्यानं रक्त आखडलं."

"घरच्या कामाला कुठं काम म्हणतात? काम यांना असतं."

शेजारी बसलेल्या शिवलिंगप्पांनी मान डोलावली. हा गडी पारावर गप्पा छाटतानाही पंपाला 'कामात आहे' असं ठणकावून सांगायचा. त्या नादात एक पंप झिजून दुसरा बसलासुद्धा.

"मग पंपालाच शिकवते," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं बसणं म्हणजे काम."

"आणि खरंच बसले, तर काय सांगू?"

डॉक्टरांनी पंपाला शिकवायचा बेत सोडून दिला. "जे करताय त्याचं नाव घ्या," त्या म्हणाल्या. " आणि दुपारी खरंखुरं बसा, तेव्हाच बसलेय म्हणा. नाही बसलात, तर हे हृदय फार दिवस साथ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी महानंदाबाई नुसत्या बसल्या. हातांचं काय करावं तेच कळेना. समोर झोपाळ्यावर शिवलिंगप्पा. कानात प्रश्न आला, "काय चाललंय?"

जन्मभर 'बसलेय' हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. आज तो खरा होता, तर नवऱ्यादेखत तोंडातून निघेना. त्यांना लाज वाटली.

"मेथी निवडतेय," त्या म्हणाल्या.

पंपानं लगेच जास्तीचं रक्त सोडलं. बोटं गरम झाली. आता हे वाया कसं घालवायचं, म्हणून महानंदाबाई उठल्या आणि मेथीची जुडी घेऊन आल्या.