सोमीच्या नावाचं अपडेट

रविवारी सकाळची भाकर खाऊन झाली की धनेश घरच्या कॉम्प्युटरची झाडलोट करायचा. झाडलोट हा त्याचाच शब्द. तलासरीच्या एका कॉलेजात तो मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा, आणि दर वर्षी पहिल्याच तासाला सांगायचा की मशीनही घरासारखंच असतं, अधूनमधून केर काढला नाही तर कोपरे भरतात.

उधव्याच्या रस्त्यावरून आत वळलं की टेकडीच्या पायथ्याशी त्याचा पाडा. घराचा मागचा भाग कुडाचा, शेणाने सारवलेला. पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या, त्याच्या नोकरीतून उभ्या राहिलेल्या. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत खिडकीपाशी होता. खिडकीतून अंगण दिसायचं, पेंढ्याची उडवी दिसायची आणि उन्हात सूप घेऊन बसलेली त्याची आई सोमी.

सोमीला ऐकू येत नव्हतं. धनेश शाळेत असताना तिला मोठा ताप आला, त्यातून ती उठली पण कान राहिले नाहीत. बोलायची मात्र भरपूर, घरातल्या बोलीत आणि खणखणीत, कारण आपला आवाज किती चढलाय ते तिला कळायचं नाही. पाड्याला त्याची सवय होती. तिच्याशी हातांनी बोलायचं आणि तिचं कानांनी ऐकायचं, एवढंच.

अपडेटच्या बाबतीत धनेशचा नियम सोपा होता. जी आपोआप येतात ती येऊ द्यायची. जी ऐच्छिक म्हणून वेगळी दाखवतात त्यांना हात लावायचा नाही. "चालतंय ना? मग चालू द्या," असं तो मुलांना सांगायचा. पण त्या रविवारी त्याची बायको रूपी मागे येऊन उभी राहिली. ती अंगणवाडीत होती, आणि प्रिंटर तिची चित्रं फिकट काढत होता.

"हत्ती हाय का म्हैस, पोरांना कळत नाय," ती म्हणाली. "कर ना काहीतरी."

म्हणून धनेशने ऐच्छिक अपडेटचं पान उघडलं. मशीनची भाषा त्याने कॉलेजातल्या मुलांना शिकवायला सोयीची म्हणून मराठी करून ठेवली होती. पानावर तीन नावं होती, प्रत्येकापुढे टिक करायला रिकामा चौकोन. पहिलं प्रिंटरचं. दुसरं मॉनिटरचं. तिसरं होतं 'सोमी – ध्वनी'.

ध्वनी म्हणजे आवाजाचं ड्रायव्हर, मशीनचा आवाज चालवणारा छोटा प्रोग्राम. यात नवीन काही नव्हतं. पण ज्या जागी कंपनीचं नाव असायला हवं तिथे आईचं नाव होतं.

त्याला पहिल्यांदा दिपक आठवला. तलासरी नाक्याजवळ दिपकचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दिवाळीनंतर त्यानेच या मशीनची डिस्क बदलून दिली होती. धनेशने फोन लावला.

"माझ्या मशीनमध्ये काही गंमत केलीस काय रे?"

"मास्तर, असली गंमत मला येत असती तर मी वापीत मोठ्या कंपनीत नसतो का बसलो?" दिपक हसला. "काय झालं?"

"काही नाही," धनेश म्हणाला आणि फोन ठेवला.

रूपीनेही ते नाव वाचलं होतं. तिला हसू आलं. "टाक की. आयेला ऐकू आलं तर बरंच हाय."

धनेशही हसला. त्याने प्रिंटरपुढे टिक केली, मग गंमत म्हणून सोमीच्या नावापुढे. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. प्रिंटरमधून हत्ती बाहेर आला, काळाभोर, सोंडेच्या सुरकुत्यांसकट.

बाहेर सुपाचा आवाज थांबला.

"धन्या," सोमीने हाक मारली. ती नेहमीसारखी ओरडली नव्हती. एवढ्या हळू आवाजात त्याने तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "पाणी कठं ठिपकतंय?"

त्याला काही ऐकू येत नव्हतं. तो घराला वळसा घालून मागच्या मोरीपाशी गेला. तिथला नळ नीट बंद झाला नव्हता, आणि खाली पालथ्या ठेवलेल्या टोपावर थेंब पडत होता. त्याने नळ पिळला. अंगणातून सोमी म्हणाली, "आता थांबलं."

धनेश नळावर हात ठेवून तसाच उभा राहिला. प्रोग्राम तिथवरच पोचतो जिथवर वायर पोचते, हेही तो मुलांना शिकवत आला होता.

सुरुवातीचे दिवस मात्र सणासारखे गेले. टेकडीपलीकडच्या पाड्यावरून सोमीची धाकटी बहीण काळी आली. दोघी अंगणात बसून, एकमेकींचे हात धरून इतकं बोलल्या की चुलीवरची आमटी आटली. धनेश आईला वापीला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने तपासून कान ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि ही बाई बहिरी होती असं तुम्हाला कोणी सांगितलं, असं गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं. परत येताना मोटरसायकलवर मागे बसून सोमी सगळ्या वाटेने हसत होती.

त्या हसण्यापुढे त्याने स्वतःला प्रश्न विचारणं सोडून दिलं.

मग तिचे कान वाढत गेले. मुख्य रस्त्यावर थांबलेल्या जीपमधून कोण उतरलं हे ती घरात बसून सांगायची. मग डोंगरापलीकडच्या हायवेवरचे ट्रक तिला ऐकू यायला लागले. एका दुपारी तिने हातातलं काम टाकलं, तळहात जमिनीवर सपाट टेकवला आणि म्हणाली, "येतंय." रूपीने विचारलं, कोण येतंय. तेवढ्यात मांडणीवरची भांडी किणकिणली आणि छपराचं एक कौल सरकलं.

भूकंपाचे असले धक्के या भागाला नवे नाहीत. लोक बाहेर येतात, थोडा वेळ उभे राहतात, पुन्हा कामाला लागतात. पण धक्का येण्याआधी तो कधी कोणी सांगितला नव्हता. सगळे आत गेल्यावरही सोमी जमिनीवर हात ठेवून बसली होती.

"गेला ना आये," धनेश म्हणाला.

तिने मान हलवली. "नाय गेला. खाली चालूच हाय. थांबत नाय तो."

त्यानंतर तिचं हसणं गेलं. नागलीच्या दाण्यात किडा कुरतडतो ते तिला ऐकू यायचं. स्वतःचं चावणं डोक्यात घुमतं म्हणून ती पेजेवर आली, मग पेजही कमी झाली. रूपी जवळ आली की ती सरकून बसायची. तिचं काळीज फार वाजतं, म्हणायची. कानात चिंध्या कोंबून झाल्या, कापूस झाला. एका संध्याकाळी ती सापडेना. शेवटी कुडाच्या खोलीत, भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत वाकलेली दिसली. डोकं तिने भातात खुपसलं होतं. धनेशने तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या पापण्यांना तूस चिकटलं होतं.

"मला होती तशी कर," ती म्हणाली. "तू केलंस ना? मग तूच कर."

अपडेटबद्दल तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

धनेश मशीनपुढे बसला. टाकलेलं अपडेट काढता येतं, त्याची पद्धत असते, आणि ती त्याला झोपेतही आली असती. पण प्रिंटरचं अपडेट तिथे दिसत होतं, सोमीचं दिसत नव्हतं. जणू ते टाकलंच नव्हतं. ऐच्छिकच्या पानावर मात्र एक नवीन आलं होतं.

'सोमी – भाषा'.

खाली 'अधिक माहिती' असं लिहिलं होतं. त्यावर दाबल्यावर कोरं पान उघडलं. धनेशने ते खाली, अगदी तळापर्यंत सरकवून पाहिलं. कोरंच होतं.

"नको टाकू," रूपी म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

त्याने टाकलं नाही. पण आईचं अंग दिवसागणिक उतरत गेलं, आणि रोज कॉलेजातून आल्यावर ती कणगीपाशीच दिसायला लागली. मशीनच्या जगात एका अपडेटने बिघाड केला तर पुढचं अपडेट तो दुरुस्त करतं. धनेश या एका वाक्याला धरून बसला. एका दुपारी त्याने चौकोनात टिक केली. रूपी दारात उभी होती. तिने त्याला अडवलं नाही.

मशीन पुन्हा चालू झालं तेव्हा सोमी आतून चालत आली. कानातला कापूस तिने काढून हातात धरला होता. चेहरा शांत होता, कपाळावरची आठी गेली होती. ती धनेशकडे पाहून म्हणाली,

"आता मला बरे वाटत आहे. धन्यवाद."

रूपीच्या हातातलं ताट खाली पडलं.

सोमी शाळेत गेली नव्हती. आयुष्यात ती 'बेस हाय' म्हणत आली होती. भाकर चांगली झाली की बेस, ताप उतरला की बेस, नातलग वारला आणि कोणी विचारलं तरी बेसच. धन्यवाद हा शब्द त्या घरात कोणी कधी उच्चारला नव्हता.

"आये," धनेश म्हणाला, "जेवतेस का?"

"हो. मला भूक लागली आहे. आपण सर्वांनी एकत्र जेवूया."

ती जेवली. पोटभर जेवली, पाणी प्याली, ताट उचलून ठेवलं. अंगाने ती सोमीच होती. हातावरचं गोंदण तेच, उजव्या पायाने किंचित लंगडणं तेच. फक्त तोंडातून छापलेलं पुस्तक बाहेर येत होतं.

रूपी मोरीपाशी बसून रडली. धनेशला रडूही आलं नाही. तो तळहात पुन्हा पुन्हा मांडीवर घासत होता.

दुसऱ्या दिवशी काळी आली. तिला बहीण बरी झाल्याचं कळलं होतं. ती अंगणात शिरताच नेहमीसारखं बोलायला लागली. वाटेतल्या ओढ्याचं, आंब्याला आलेल्या मोहराचं, शेळी व्यायल्याचं. सोमी हात जुळवून, पाठ ताठ ठेवून ऐकत होती. काळी बोलून थांबली आणि उत्तराची वाट बघत राहिली.

सोमी धनेशकडे वळली.

"या बाई काय म्हणत आहेत?" तिने विचारलं.

काळीला वाटलं, थट्टा आहे. तिने सोमीच्या गुडघ्यावर थाप मारली आणि तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली. सोमीने अदबीने तिचा हात उचलून बाजूला ठेवला.

काळी उठली. धनेशला तिने पेंढ्याच्या उडवीमागे नेलं.

"धन्या," ती म्हणाली, "माझी बहीण कठं हाय? ही कोण बसवलीस तू घरात?"

ती पाणीही न पिता निघून गेली. टेकडी चढेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

धनेश घरात आला आणि त्याने ते पान उघडलं.

'रूपी – भाषा'.

'काळी – भाषा'.

दोन्ही चौकोन रिकामे होते. त्याने माउसला हात लावला नाही. खाली वाकून भिंतीतली पिन ओढली, इंटरनेटची वायर उपटली, मशीनचा डबा गोणपाटात बांधला. रूपीला त्याने जवळ घेतलं.

"आताच दिपककडे जातो. सगळं पुसून टाकायला सांगतो. तू काय कोणाला बोलू नको."

"मी कोणाला बोलू?" रूपी म्हणाली. "तू लवकर ये. मला हिच्यासंगती घरात बसवत नाय."

डबा मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून तो तलासरीपर्यंत एका दमात आला. दिपकने त्याचं तोंड पाहिलं आणि हातातलं काम बाजूला सारलं. धनेशने सगळं सांगितलं. दिपक मधे एकदाही हसला नाही.

"पुसू आपण," तो म्हणाला. "पण मला एकदा दाखव."

त्याने डब्याला आपला मॉनिटर लावला. इंटरनेट लावलं नाही. ते पान उघडलं.

दोघांनी वाचलं.

'ऐच्छिक अपडेट उपलब्ध नाहीत.'

"बघ, काय नाय," दिपक म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "दोन नावं होती म्हणालास ना? गेली."

धनेशने खालची ओळ वाचली होती. बारीक अक्षरातली.

'सर्व अपडेट स्थापित केली आहेत.'

"कोणी केली?" तो म्हणाला. "मी चौकोनाला हात लावला नाही. वायर मी काढली, दिपक. हा डबा सगळ्या वाटेने माझ्यापुढे टाकीवर होता."

दिपकने मान हलवली आणि डिस्क पुसायला घेतली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. ती भरेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग पडदा काळा झाला.

"संपलं," दिपक म्हणाला. "आता यात काहीच नाय. घरी फोन कर."

धनेशने फोन लावला. दुसऱ्या घंटेला रूपीने उचलला.

"रूपी, मी बोलतो. झालं काम. तू बरी हायस ना?"

"हो, मी बरी आहे," रूपी म्हणाली. "काळी मावशी परत आल्या आहेत. आम्ही सर्व जणी अंगणात बसलो आहोत आणि आपली वाट पाहत आहोत."

तिच्या मागे दोन म्हाताऱ्या बायका हसल्या. दोघींचं हसणं एकाच क्षणी सुरू झालं आणि एकाच क्षणी थांबलं.