चिमट्याचे दोन ठोके

मागच्या खोलीच्या कुलपाला तेल घालायचं, एवढंच काम धाकटीला सांगितलं होतं. भर दुपारची वेळ. पण त्या खोलीचं नाव निघालं, की गोदामातल्या अकराही बायकांचे हात जागच्या जागी थांबत.

गोदामात कुठल्या कुठल्या गावांतले मेलेले संगणक आणि फोन येत. बायका ते उकलून तांबं एकीकडे, प्लास्टिक एकीकडे करत. उरलेले हिरवे बोर्ड मागच्या खोलीत ॲसिडच्या पिपात बुडवून त्यांतलं सोनं काढलं जाई. ते काम धाकटीची थोरली जाऊ करायची. बोर्ड वर काढताना वाफेचा लोट उठे, म्हणून ती आधी पिपाच्या कडेवर चिमटा दोनदा वाजवायची. ठक, ठक. की सगळ्यांनी श्वास रोखायचा. सहा वर्षं तिनं सगळ्यांना असं सांभाळलं आणि स्वतः मात्र खोकून खोकून गेली. जाताना तिनं धाकटीचं मनगट घट्ट धरलं होतं. "ती खोली पुन्हा उघडू देऊ नकोस गं..."

वर्षभर खोली बंद राहिली. आज मालकच ती उघडायला निघाला होता.

"सोमवारपासून आतलं काम सुरू. जिला जमत नसेल तिनं घरी बसावं, बाहेर रांग लागलीय."

"मालक, निदान एक खिडकी तरी..." धाकटी पुढं होत म्हणाली.

"चार बोर्ड धुवायला खिडकी कशाला? चला सगळ्या आत. भूत दिसलं तर मला दाखवा."

कुलूप करकरत निघालं. आत अंधार आणि जुना, आंबूस, नाकात झोंबणारा वास. पीप कोरडं ठणठणीत, तळाशी धूळ. गंजलेला चिमटा भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला. मालक ऐटीत मधोमध उभा राहिला. काम चालू असताना त्यानं हा उंबरठा कधी ओलांडलाच नव्हता.

ठक. ठक.

चिमटा खिळ्यालाच होता.

अकराजणींनी श्वास रोखला. धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण ओठ घट्ट मिटलेले. ती खूण एका मालकालाच ठाऊक नव्हती.

"कोण... कोण वाजवतंय?" म्हणत त्यानं छातीभर हवा आत घेतली, आणि दुसऱ्या क्षणी तो दुमडून खाली बसला. थोरलीचा खोकला, अगदी तस्साच.

धाकटीनं त्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं.

"बंद करा... ती खोली..." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आणि बोर्ड?"

"मोठ्या कारखान्यात पाठवू... यंत्रावर..."

"मग आत्ता फोन लावा. आमच्यासमोर."

त्यानं लावला. बोर्ड उचलून न्यायला गाडी पाठवा, म्हणाला.

बायकांनी संध्याकाळपर्यंत ते दार विटांनी चिणून टाकलं. हसत, एकमेकींच्या अंगावर सिमेंट उडवत. धाकटीचा ऊर आनंदानं भरून आला होता. शेवटची वीट तिनं स्वतः बसवली.

"जाऊबाई, झालं हो," ती भिंतीला कान लावून म्हणाली.

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला, फार दिवस रोखून धरलेला. धाकटी रडत रडत हसली.

आणि मग, अगदी सावकाश, कुणीतरी तो पुन्हा आत घेतला.