कानटोपीचे तीन धागे

जाईच्या डोक्यातून एक कोडं काही केल्या जात नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी वारा नेहमीचाच होता, शीडही नव्याने शिवलेलं. मग होडी पुढे जायचं सोडून बाजूला का घसरत गेली? शिडाचा वरचा भाग नुसता फडफडत होता आणि होडी कासवखडकाकडे चालली होती. सगळ्या बेटाने ते किनाऱ्यावरून पाहिलं. होडी सापडली, बाबा सापडले नाहीत.

आता त्याच होडीतून आई जाणार होती. दुसरा इलाज नव्हता. समुद्र चढला तशा बेटावरच्या विहिरी खारट झाल्या होत्या, आणि खारं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राची गाळणी फाटली होती. नवी गाळणी समोरच्या किनाऱ्यावर मिळायची, तीही वाऱ्याच्या विरुद्ध जाऊन. डिझेल तर जाईने जन्मात पाहिलं नव्हतं. गोड्या पाण्याच्या टाकीचा तळ दिसायला लागला होता.

धक्क्यावर एका हाताचा म्हातारा यंत्रमानव असे. बेटावरचे लोक त्याला थट्टेने तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणत. जाईने त्यालाच गाठलं.

"होडी घसरली का रे?"

"चादर आण," तो म्हणाला.

चादरीची तिकोनी घडी करून त्याने एक टोक खांबाला वर बांधलं, एक खाली. "हा झाला जिब (डोलकाठीच्या पुढचं तिकोनी शीड). मोकळं टोक धर आणि सरळ मागे ओढ."

खालची कड ताणली, मागची मात्र सैल लोंबू लागली.

"आता खाली ओढ."

मागची कड ताठ झाली, खालची पिशवीसारखी फुगली. मग जाईने स्वतःच तिरकं ओढून पाहिलं. दोन्ही कडा सारख्या ताणल्या. (घरी चादर असेल तर तुम्हीही करून पाहा. आईला विचारून.)

"शिडाचा दोर कप्पीतून (दोर वळवणाऱ्या चाकातून) जातो," तांडेल म्हणाला. "कप्पी रुळावर (डेकवरच्या धातूच्या पट्टीवर) मागेपुढे सरकते. कप्पी जिथे असेल, तिकडे शिडाला ओढ बसते. फार मागे असली तर शिडाचा वरचा भाग सैल पडतो, वारा निसटतो आणि होडी बाजूला घसरते."

जाईने बाबांच्या होडीकडे पाहिलं. जुनं शीड मोठं होतं, म्हणून रूळ मागे होता. बाबांनी ते फाटकं शीड कापून लहान केलं, पण रूळ होता तिथेच राहिला; कप्पी त्याच्या पुढच्या टोकाशी आणली तरी मागेच पडायची. का, ते तिला ठाऊक होतं. रूळ पुढे न्यायचा तर नवी भोकं लागतात, आणि बेटावर होडीला नवं भोक पाडत नाहीत. पाडलं तर होडी धन्याला गिळते म्हणे.

आईला हे सांगितलं तर ती उसळलीच. "तुझ्या बाबांनी जे केलं नाही, ते मी करू?"

"त्यांनी भोक नाही पाडलं, आई. तरी गिळलंच ना होडीने?"

आई खूप रडली. रडून झाल्यावर तिने बाबांचं गिरमिट (भोकं पाडायचं हत्यार) शोधून काढलं.

पण आधी जागा नक्की करायची होती. जाईने बाबांची लोकरीची कानटोपी उसवली आणि तीन धागे शिडाच्या पुढच्या कडेला वर, मध्ये, खाली चिकटवले. कप्पी दोराने तात्पुरती बांधून आईने उथळ पाण्यात होडी हळूहळू वाऱ्याकडे वळवली. वरचा धागा आधी उडू लागला. म्हणजे कप्पी अजून मागे होती. पुढे, आणखी पुढे घेता घेता एकदाचे तिन्ही धागे एकाच वेळी उडू लागले.

"इथेच," तांडेल म्हणाला.

गिरमिट फिरलं आणि डेकच्या पोटातून काळा, ओला भुसा बाहेर आला. आतलं लाकूड कुजलं होतं. दोराची ओढ रुळाला वर उपटू पाहते, त्यात असलं लाकूड काय टिकणार? त्यांनी कुजकं खरवडून काढलं, पोकळीत राळ भरली, ती सुकल्यावर पुन्हा भोकं पाडली आणि खालून जाड पत्रा लावून रूळ बोल्टांनी आवळले. होडीच्या दोन्ही बाजूंना.

पहाटे आई निघाली. कासवखडक जवळ आला तेव्हा जाईला बघवेना. तिने डोळे मिटून घेतले.

"धागे?"

"तिन्ही सरळ," तांडेल म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "खडक मागे पडला."

जाईने डोळे उघडले. धक्क्यालगत बेटावरच्या बाकीच्या होड्या डुलत होत्या, सगळ्यांचे रूळ जुन्याच भोकांवर. तिने उरलेली कानटोपी छातीशी धरली.

"तांडेल," ती म्हणाली, "गिरमिट आत ठेवू नकोस."