बदराश्म

‘ध्रुवा’ अंतराळस्थानकाच्या प्रयोगशाळेत हेरंब सोनटक्के याने हातातला बोराएवढा दगड सोडून दिला. तो हवेतच थांबला. बदराश्म. फार पुरातन काळातल्या एका काटेरी सागरी जीवाचा काटा. जीव गेला, समुद्र आटला, काटा तेवढा दगड होऊन उरला. वैद्य त्याचे भस्म मुतखड्यावर देत. वजनरहित अवस्थेत हाडांतले कॅल्शियम झिरपून मुतखडे होतात, म्हणून या खनिजशास्त्रज्ञाला इथे धाडले होते. इथे त्यालाच मुतखडा झाला, तेव्हा पहिली मात्रा त्याने स्वतःच घेतली. त्याचा खडा विरघळला.

उद्या परतीचे यान होते.

“तुला जाता येणार नाही, हेरंब,” सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता डॉ. यशोदा भोईटे म्हणाल्या. “तुझ्या रक्तात काटे वाढताहेत.”

“ताई, भस्म कधी वाढतं का?”

“भस्म केलंस कुठे? नुसती पूड खाल्लीस.”

तो ओशाळला. गोवऱ्यांच्या आगीत दगड पुन्हा पुन्हा भाजायचा असतो. स्थानकात आग पेटवणे अशक्य, म्हणून ती पायरी त्याने गाळली होती.

“ही पूड म्हणजे स्फटिकबीज. त्या जीवाचा काटा मोडला की तिथून पुन्हा वाढायचा. ती रचना दगडात तशीच राहिली. आग तीच मोडायची. वैद्य काही हौसेनं गोवऱ्या जाळत नव्हते, बाबा.”

“मग मी अजून धडधाकट कसा?”

“इथं हाडं कॅल्शियम सांडतात, बीज ते खातं. पृथ्वीवर ती सांडणार नाहीत. मग ते रक्तातलं खाईल, आणि काळीज चालतं ते त्याच्यावर.”

“बाहेर काढता येणार नाही?”

“लघवीवाटे जातात की काटे. पण आत राहिलेला प्रत्येक तुकडा नवं बीज. ते मारायचं तर तुलाच भट्टीत घालावं लागेल.”

खिडकीखालून कोकणचा किनारा संथ सरकत गेला. त्या ओल्या वाळूत पाय रुतवण्याचे स्वप्न तो कित्येक महिने उराशी बाळगून होता.

यशोदाताईंचा स्वर मवाळ झाला. “मी खाली जाऊन उपाय शोधते. लेकीचे दुधाचे दात पडायला लागलेत, तिला एकदा पोटाशी धरते, की लागलेच कामाला.” त्यांनी पिशवीतल्या चहाचा घोट घेतला.

हेरंब त्या पिशवीकडे पाहत राहिला.

“ताई, तुमचं रक्त तपासलंत?”

“मी कुठं औषध घेतलं?”

हेरंबने भिंतीकडे पाहिले. तिच्यामागे जलशुद्धी यंत्र मंद घुमत होते. स्थानकातला थेंबही वाया जात नसे. सर्वांची लघवी त्यातून पुन्हा पिण्याचे पाणी होऊन येई. यंत्राच्या गाळण्या जंतू अडवत. हे काटे जंतूंहून कितीतरी बारीक होते.

यशोदाताईंची नजर त्याच्या नजरेमागून भिंतीपर्यंत गेली. त्यांच्या हातून पिशवी सुटली.

खाली मात्र ती पडली नाही. दगडाशेजारी तशीच तरंगत राहिली.