भारीतलं तेल

“माझ्या भावाला त्याच्या बायकोनं विष घातलंय,” ताई दारातूनच म्हणाली.

माईंनी तिला आधी बसवलं. पोलिसांतली नोकरी सोडल्यापासून माई खासगी तपास करत. सोबतीला त्यांचे धाकटे दीर, भावोजी. गाडी झकास चालवायचे. डोकं मात्र सावकाश चालायचं.

ताईचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. किडन्या निकामी झाल्या तरी कित्येक वर्षं डायलिसिसवर त्यानं तग धरला होता.

“या वर्षात खंगलाच हो! केस गळले, ओठ फाटले, कातडी सोलून निघायची. डोकं धरून बसायचा. शेवटी नुसतं अंथरुणातून उठताना मांडीचं हाड मोडलं, त्यातच गेला. मी तक्रार दिलीय. उद्या तिला चौकीवर बोलावलंय.”

“खायला कोण द्यायचं?”

“तीच! म्हणून तर रोज संध्याकाळी जाऊन मी माझ्या हातानं त्याला ही गोळी द्यायचे.” ताईनं पर्समधून एक पिवळी, पारदर्शक गोळी काढून स्वतःच गिळली. “माशाचं तेल. डॉक्टरांनीच सांगितलेलं, हृदयासाठी. माझं भारीतलं असतं. लहानपणी आई नाक दाबून पाजायची ना, तेच. मी पण घेते, बघा कशी ठणठणीत आहे.”

डायलिसिस सेंटरमधला तंत्रज्ञ नळ्या धूत होता. “मशीन पाण्यात विरघळणारी घाण काढतं. चरबीत मुरणाऱ्या गोष्टी नाही निघत. म्हणून ताकदीच्या गोळ्या आम्ही विचारूनच घ्यायला लावतो.”

“त्याला विचारलं होतं?”

“विचारायचो. तो म्हणायचा, माशाचं तेल. ते तर आम्हीच सांगितलेलं, मग पुढे कोण विचारणार? परवा त्याची बायकोही हेच विचारायला आली होती. ऐकलं आणि तशीच पळत बाहेर गेली.”

बायको स्वयंपाकघरात उभी होती. नवऱ्याचे ब्रश धुऊन तिनं डब्यात उलटे ठेवले होते.

“माशाचं तेल तुम्ही द्यायचात?”

“हो. रोज मीच. वन्सं नाही, मीच.”

माईंनी कपाटातली माशाच्या तेलाची बाटली उघडली. झाकणाखालची चंदेरी पन्नी जशीच्या तशी होती.

जिन्यात भावोजी कुजबुजले, “खोटं बोलली! सापडली की!”

“खोटं बोलली, हे खरं. पण कुणासाठी?”

परत आत जाऊन माईंनी ताईला तिथंच बोलावून घेतलं. तिला पाहताच बायकोनं माईंचा हात धरला. “नका सांगू. तुमच्या पाया पडते.”

“उद्या तुला आत टाकतील, पोरी.” माई ताईकडे वळल्या. “तुमच्या पर्समधली बाटली दाखवा.”

बाटलीवर माशाचंच चित्र होतं, पण खाली ‘लिव्हर ऑइल’ असं लिहिलेलं.

“डॉक्टरांनी सांगितलं ते माशाच्या अंगातलं तेल. आई पाजायची ते लिव्हरचं. त्यात व्हिटॅमिन ए खच्चून असतं. तुमच्या-माझ्या शरीरातून त्याचा निचरा होतो. किडन्या गेलेल्या माणसात ते साठतं, आणि मशीनलाही काढता येत नाही. केस, ओठ, कातडी, डोकेदुखी, ठिसूळ हाडं... सगळी त्याचीच लक्षणं. हिची बाटली फोडलेलीच नव्हती. त्याच्या पोटात जात होती ती तुमची गोळी. हिला ते परवा कळलं, आणि हिनं सगळं स्वतःवर घेतलं.”

“ताई, यात विष घालणारं कुणीच नाही,” भावोजी अवघडून म्हणाले. “चौकीवर मी सांगतो.”

ताईला ते ऐकूच गेलं नाही. ती भावजयीकडे बघत होती. “तू मला बोलली का नाहीस?”

“यांना आईच्या मागे तुम्हीच वाढवलंत, वन्सं. मला शिव्या दिल्यात तर मी सोसल्या असत्या. हे तुम्हाला सोसलं नसतं.”

तिनं पुढे केलेला हात ताईनं झिडकारला.

“शेवटी शेवटी तो तोंड मिटून घ्यायचा,” ताई म्हणाली. “म्हणायचा, मळमळतंय, आज नको. मी रुसून बसायचे.”

तिनं ती बाटली ओट्यावर ठेवली.

“मग घ्यायचा. मला बरं वाटावं म्हणून घ्यायचा.”