लाल गाणं, निळं गाणं

ग्रेत्सियाच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, ते वर्ष १९६६. दोन्ही मुलगे. आजोबा झालेला लेली म्हणाला, दोघांचंही नाव रोकू ठेवायचं. एका घरात दोन रोकू कसे, असं पाद्रीबाबांनी विचारलं, तर म्हणाला, "एक थोरला रोकू, एक धाकटा. पाच मिनिटांचा का असेना, फरक आहे ना?"

लेली हा ग्रेत्सियाचा बाप, आणि संत रोकूच्या बँडची निशाणं सांभाळणारा. आमच्या गावात संतांच्या जत्रेत वाजवणारे बँड दोन, आणि प्रत्येक घर त्यांतल्या एकाचं. संत रोकूचा लाल, संत कतरीनाचा निळा. लाल घरात निळी बादली येत नसे आणि निळ्या घरात कलिंगड कापलं तर खिडकी लावून घेत. माल्टा हे बेट केवढंसं, त्यात आमचं गाव केवढंसं, पण भांडण मात्र चांगलं ऐसपैस होतं.

बाप्तिस्म्याच्या आठवड्यात ग्रेत्सिया गच्चीवर मोठं निशाण वाळत घालत होती. बारा हात लांब, लालभडक. दक्षिणेकडचा दमट वारा सुटला होता. एक झोत आला, चिमटे तटातट उडाले आणि निशाण गच्चीवरून खाली गेलं.

खाली घासलेटची गाडी उभी होती. निशाण पडलं ते नेमकं खेचरावर, कानांपासून शेपटीपर्यंत. खेचर जागच्या जागी थिजलं. गाडीवर निळ्यांचा चेन्सू बसला होता.

"माझं खेचर बाटलं की हो, बाई," तो वर बघून म्हणाला. "आता याला आमच्या तबेल्यात कोण घेईल?"

"नशीबवान आहे तुमचं खेचर. हे निशाण अंगावर पडावं म्हणून लोक नवस बोलतात."

"असं का... मग वरून अजून काही पडणार असेल तर सांगा. मी थांबतो."

"पडेल ना. बादली पडेल."

"रिकामी की भरलेली?"

ग्रेत्सियाला हसू आवरेना, म्हणून ती रागानं खाली आली. बारा हातांच्या कापडाची घडी एकट्यानं होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, चालत एकमेकांकडे यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागं जायचं. तीनदा असं यावं लागलं. तिसऱ्यांदा त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली...

"चौथी घडी?" तो म्हणाला.

"चौथीनं चुण्या पडतात."

तो गेला. तिच्या हातांना घासलेटचा वास राहिला. तिनं हात साबणानं धुतले, पण खरं सांगायचं तर फार चोळले नाहीत.

*

ऑगस्टमध्ये बातमी आली. शाळेतल्या विस्टिन मास्तरांचं गाणं राजधानी वालेटाच्या गीतमहोत्सवात निवडलं गेलं. पूर्वी असल्या जलशांत इटालियन गाणीच चालत. आपल्या भाषेतही प्रेम करता येतं, हे लोकांना नुकतंच पटायला लागलं होतं. रीत मात्र इटलीचीच ठेवली होती. प्रत्येक गाणं दोनदा व्हायचं. आधी एक गायक म्हणायचा, मग तेच गाणं दुसरा म्हणायचा, आणि परीक्षक दोन्ही ऐकून गुण द्यायचे.

मास्तर परगावचे. म्हणून त्यांच्यावर दोन्ही बँडांचा सारखाच अविश्वास होता. एक गळा लाल, एक निळा, असं ठरलं. निळ्यांनी चेन्सू दिला. लाल बाजूला गाणारी एकटी ग्रेत्सियाच होती. मुलीनं रंगमंचावर गायचं म्हटल्यावर लेली आधी तीन दिवस जेवला नाही. मग कुणीतरी म्हणालं, "लाल नसेल तर दोन्ही गळे निळेच जातील." लेली जेवायला बसला आणि म्हणाला, "पोरगी जाईल."

आता तालमी कुठं घ्यायच्या? लाल माणूस निळ्यांच्या क्लबात पाय ठेवणार नाही, निळा लालांच्यात नाही. चर्चमध्ये प्रेमगीत नको. शेवटी उरली पोलीस चौकी. तिथं दोन्ही बाजूंची माणसं जातच असत. कोठडीच्या दारासमोर पायपेटी ठेवली, आणि सार्जंट बुहाजार, जो शेजारच्या गोझो बेटाचा असल्यानं आम्हा सगळ्यांनाच वेडे समजे, टेबलामागं बसून पावाला तेल-टोमॅटो चोळत ऐकू लागला.

गाणं साधं होतं. वारा पडला, होड्या परतल्या, तू कधी येशील.

ग्रेत्सिया गायली. मास्तरांनी डोळे मिटले. मग चेन्सू गायला.

"तू कधी येशीईईईल!"

दहा वर्षं गल्लोगल्ली घासलेट विकलेला गळा तो. चौकीबाहेर पाहता पाहता सात बायका डबे घेऊन उभ्या राहिल्या.

"अरे, तिला बोलावतोयस की डबा मागतोयस?" सार्जंट म्हणाला.

"शेवट असा सोडायचा नसतो," ग्रेत्सिया म्हणाली. "हळूच खाली ठेवायचा... झोपलेलं बाळ ठेवावं तसा."

"मला कुठं बाळ आहे?"

"बायको तरी कुठं आहे!"

"तेच तर म्हणतोय."

मास्तरांनी पायपेटीवर जोरात स्वर धरला. सार्जंटनं पाव बदलला.

असे तीन आठवडे गेले. तिनं त्याला शेवट हळू ठेवायला शिकवलं. त्यानं तिला मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकवलं, म्हणजे तो रस्त्याच्या टोकाला उभा राहून "ऐकू येत नाही, बाई!" असं ओरडे आणि ती चिडून गायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एक दिवस त्याचं गाण्यात लक्ष नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा खिशातून एक कागद काढला.

"ऑस्ट्रेलियाला जायची परवानगी आलीय. भाऊ मेलबर्नला आहे माझा. ऑक्टोबरात बोट."

"म्हणजे... महोत्सव झाला की?"

"झाला की. इथं आता गॅसच्या टाक्या येतायत. घासलेट किती दिवस चालणार? आणि अडवणारं तरी कोण आहे?"

"निळ्यांत मुली कमी आहेत का?"

"निळ्या मुली खूप आहेत," तो कागदाची घडी करत म्हणाला. "निळ्याच आहेत."

तिला बोलायचं होतं. पण उंबऱ्यावर लेली तिला न्यायला येऊन उभा होता, छातीवर लाल फीत लावून. ती बापामागून घरी गेली.

*

सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी गावातून वालेटाला दोन बस गेल्या. लाल माणसं नाट्यगृहात डावीकडे बसली, निळी उजवीकडे. मधल्या वाटेत सार्जंट बुहाजार, साध्या कपड्यांत, पण शिट्टी घेऊन.

ग्रेत्सिया आधी गायली. डावीकडे टाळ्यांचा नुसता पाऊस. उजवीकडे हाताची घडी. एक निळी म्हातारी तर मोठ्यानं म्हणाली, "शी! काय भिकार गाणं!"

मग तेच गाणं घेऊन चेन्सू आला. तेच शब्द, तीच चाल. उजवीकडून आरोळ्या उठल्या, ती निळी म्हातारी डोळे पुसू लागली, आणि डावीकडे हुर्यो सुरू झाली. परीक्षक एकमेकांकडे बघू लागले. हे गाणं लोकांना आवडतंय की नाही, हे त्यांना काही केल्या उमगेना.

पडद्याआडून ग्रेत्सिया बघत होती. हुर्योत सगळ्यांत मोठी शिट्टी तिच्या बापाची. दोन बोटं तोंडात घालून. चेन्सू दुसऱ्या कडव्यावर आला, "वारा पडला" म्हणाला आणि थांबला. पुढचे शब्द गेले. वाद्यवृंद एक फेरी वाजवून परत आला, तरी तो गप्पच. हात नुसते बाजूला लोंबत होते.

ती कधी चालायला लागली, हे तिलाही कळलं नाही. पडद्यातून बाहेर, त्याच्या शेजारी, त्याच माइकसमोर. "होड्या परतल्या," तिनं धरून दिलं. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग दोघं मिळून गायले. आणि शेवटचा सूर त्यानं असा हळू ठेवला... की शिट्टी मारणाऱ्यांचीही बोटं तोंडाजवळच राहिली.

नियम साफ होता. एका वेळी एकच गळा. मुख्य परीक्षक लाल पेन्सिल शोधू लागले.

"बाद झालो," चेन्सू पुटपुटला. "हे काय केलंस?"

"बाद तर बाद. तू ऑस्ट्रेलियाला जाऊ नकोस."

माइक चालूच होता. हे वाक्य नाट्यगृहात घुमलं, आणि रेडिओवरून बेटावरच्या घराघरांत गेलं. ग्रेत्सिया कानापर्यंत लाल झाली.

चेन्सूनं हातातला रुमाल दोनदा पिळला. मग माइककडे तोंड करून म्हणाला, "जरा मोठ्यानं, बाई. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

"जाऊ नकोस म्हटलं ना, मेल्या!"

"नाही जात."

गाणं बाद झालं. त्या संध्याकाळी बाहेर दोन्ही बँडांची माणसं प्रथमच एका घोळक्यात उभी राहिली आणि एकमतानं म्हणाली की असली नालायक कार्टी गावात जन्मली नव्हती. लेलीला निळ्यांच्या अध्यक्षानं स्वतःची विडी दिली. लेलीनं ती ओढली.

लग्न फेब्रुवारीत झालं, शेजारच्या गावात, चर्चच्या सकाळी सहाच्या प्रार्थनेला, कुठलाही बँड न वाजवता. लेली आला नाही. ग्रेत्सियाची आई आली आणि लग्नभर रडली, मग बदामाचे लाडू आठ खाल्ले. चेन्सूनं पुढं गॅसच्या टाक्या पोचवण्याचं काम धरलं. मुली तीन झाल्या. गाणारी एकही निघाली नाही.

लेली १९७४च्या मे महिन्यात वारला. चेन्सू ९ नोव्हेंबर २००१ला, दुपारी जेवण झाल्यावर, खुर्चीत गेला. ग्रेत्सिया त्याच्यामागं चौदा महिन्यांनी, जानेवारी २००३मध्ये वारली.